न नमणारा रक्तदाब आणि चौथी गोळी

रक्तदाब हा शब्द एके काळी डॉक्टरांच्याच तोंडी असे. आता तो पेडण्याच्या बाजारात, डिचोलीच्या बसस्थानकावर, देवळाच्या सभामंडपात, कोठेही कानावर पडतो. "मला प्रेशर आहे" असे चारचौघांत सांगण्यात कोणाला काही वाटेनासे झाले आहे, आणि ते एका अर्थी बरेच झाले. परंतु अलीकडे या वाक्याला दुसरे एक वाक्य जोडलेले आढळते: "तीन-तीन गोळ्या घेतो, तरी प्रेशर काही उतरत नाही." या दुसऱ्या वाक्याविषयीच प्रस्तुत लेखात चार शब्द लिहावयाचे आहेत.

मी औषधशास्त्राचा शिक्षक आहे, रुग्णांना चिठ्ठी लिहून देणारा डॉक्टर नव्हे. पण मूळ घर पेडणे तालुक्यात असल्यामुळे सुटीत गावी गेलो की ओटीवर गोळ्यांच्या पाकिटांची चळत माझ्यापुढे येऊन पडते. इकडे वर्गात डिचोली, साखळीकडून आलेली मुले वडिलांची चिठ्ठी घडी घालून खिशात घेऊन येतात. सर्वांचा प्रश्न ठरलेला असतो: "आता चौथी कोणती?" प्रश्न रास्त आहे. न आवरलेला रक्तदाब म्हणजे अर्धांगवायू, हृदयविकार आणि मूत्रपिंडांचा ऱ्हास यांना दिलेले आमंत्रण होय, आणि घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळला म्हणजे काय होते हे आपल्या गावांना सांगावयास नको. मात्र चौथी गोळी कोणती हे ठरविण्याआधी पहिल्या तीन का हरल्या, हे पाहावे लागते. बहुतेक ठिकाणी नेमके तेच राहून जाते.

प्रथम व्याख्या. तीन वेगवेगळ्या गटांतील औषधे, त्यांत एक मूत्रल, म्हणजे लघवीवाटे मीठपाणी बाहेर टाकणारे, आणि तिन्ही रुग्णाला सोसतील तितक्या पूर्ण मात्रेत. एवढे देऊनही रक्तदाब साधारणतः १४०/९० च्या खाली येत नसेल, तर त्याला वैद्यक 'प्रतिरोधी' उच्च रक्तदाब म्हणते. (अमेरिकेत ही रेषा १३०/८० वर ओढतात.) या व्याख्येतील प्रत्येक शब्दाला वजन आहे. एकाच गटाची दोन औषधे घेणारा, किंवा तिन्ही गोळ्या अर्ध्या मात्रेत घेणारा रुग्ण या व्याख्येत बसत नाही. त्याला चौथी गोळी नको. आहेत त्याच गोळ्यांची नीट मांडणी हवी.

ही नेहमीची तीन औषधे म्हणजे अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन किंवा त्याच्या जातीचे एखादे, आणि मूत्रल. आपल्या शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरुवातीच्या टप्प्यातच आला. त्या उपक्रमात सरकारी दवाखान्यांनी अशीच साधी पायरीवार पद्धत धरली: आधी एक औषध, मग दुसरे, मग तिसरे. तिन्ही औषधांचे काम वेगवेगळे आहे. ते समजावून घेण्यास आमच्याकडची खाजने चांगली उपयोगी पडतात. ज्यांनी शापोरा नदीकाठची खाजन शेती पाहिली आहे त्यांना बांध आणि मानस ठाऊक असेल. मानस म्हणजे बांधातले लाकडी दार. ओहोटीला ते उघडते आणि आतले पाणी नदीत जाते; भरतीला ते मिटते. आता पाट म्हणजे रक्तवाहिनी समजा. अम्लोडिपिन पाट रुंद करते. टेल्मिसार्टन पाटाच्या भिंती आवळणाऱ्या अँजिओटेन्सिन नावाच्या संप्रेरकाला थोपविते. मूत्रल औषध मानस उघडून साचलेले खारे पाणी बाहेर सोडते. पाणी कमी, पाट रुंद, म्हणजे दाब उतरलाच पाहिजे.

पण मानशीवर बसलेला एक राखणदार आहे, त्याचे नाव अल्डोस्टेरॉन. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून हे संप्रेरक स्रवते. शरीरातले मीठ राखणे आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियम बाहेर टाकणे, हे याचे काम. ज्या काळी माणसाला मीठ दुर्मीळ होते त्या काळी हा राखणदार मोठा उपकारक होता. आता मीठ पानात डावीकडेही वाढलेले असते आणि आमटीतही असते, तरी तो आपला जुना हुकूम सोडावयास तयार नाही. मूत्रलाने दार उघडले की तो ते पुन्हा लोटतो. टेल्मिसार्टनने त्याला काही काळ आळा बसतो, पण कित्येकांत काही महिन्यांनी तो पुन्हा डोके वर काढतो. न नमणाऱ्या रक्तदाबाचे मर्म पुष्कळदा येथे सापडते.

पुष्कळदा म्हटले, नेहमी नव्हे. कारण खरोखर न नमणारा रक्तदाब आणि तसा नुसता दिसणारा रक्तदाब यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारचे लोक पहिल्यापेक्षा काही कमी नसतात.

मोजमापाचेच घ्या. दंडावर पट्टा बांधून दाब मोजण्याची युक्ती इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ साली काढली आणि नळीने आवाज ऐकून वरचा-खालचा आकडा ठरविण्याची रीत रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी १९०५ साली दिली. शंभरावर वर्षे झाली, तरी अजून आपण ते मोजमाप घाईत उरकतो. माणूस उन्हातून चालत आलेला, लघवी तुंबलेली, बाकावर पाठीला आधार नाही, हात लोंबकळता, आणि वर "पाऊस लागला का तुमच्याकडे?" हा संवाद चालू. असा आकडा दहा-पंधराने सहज चढतो. दंड जाड आणि पट्टा लहान असला तर आणखी चढतो. पाच मिनिटे स्वस्थ बसावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर, तोंड बंद; आधीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, विडी नाही. दोनदा मोजावे. डॉक्टरांचा पांढरा झगा पाहूनच ज्यांचा दाब वाढतो अशी माणसेही असतात. त्यांच्यासाठी घरच्या यंत्रावर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजलेले आकडे वहीत लिहून नेणे हाच उपाय. दवाखान्यात १६० आणि घरी १३० असेल तर चौथी गोळी घेऊन तो माणूस घेरी येऊन पडेल, आणि दोष मात्र औषधाला मिळेल.

दुसरी गोष्ट गोळ्या खरोखर पोटात जातात की नाही ही. युरोपात काही ठिकाणी अशा रुग्णांच्या लघवीत औषधांचा अंश तपासून पाहिला, तेव्हा निम्म्याच्या आसपास लोक सर्व गोळ्या घेत नसल्याचे दिसले. आपल्याकडे निराळे काय असणार? माझे एक मामा आहेत, वय चौसष्ट. तीन गोळ्या चालू आणि दाब १६८/९६. "मामा, तिन्ही रोज घेता ना?" विचारले तर म्हणाले, "घेतो रे बाबा. फक्त म्हापशाला जायचे असले की ती पाण्याची गोळी ठेवतो. कदंबात बसल्यावर मला वाटेत उतरवणार कोण?" आणि म्हापशाला त्यांना आठवड्यातून तीनदा जावे लागे! मूत्रल दुपारी परत आल्यावर घेतले तरी चालते, एवढे त्यांना कोणी सांगितले नव्हते. पुढे खोदून विचारता गुडघेदुखीची एक गोळी निघाली. औषधाच्या दुकानातून स्वतःच आणलेली, गेली दोन वर्षे बहुतेक रोज.

ही गुडघ्याची गोळी मोठी घातकी आहे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीची वेदनाशामके मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवावयास लावतात, मूत्रलाचा जोर मोडतात आणि टेल्मिसार्टनशी मिळून मूत्रपिंडालाच इजा करू शकतात. म्हणजे एका हाताने मानस उघडावयाची आणि दुसऱ्या हाताने दगड लावावयाचा. सर्दीने चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्या, दम्यासाठी दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स, संततिनियमनाच्या गोळ्या हीही त्याच यादीतली. आणखी एक नाव वाचकांना चकित करील: ज्येष्ठमध. घसा बसला की आपण सहज तोंडात धरतो तोच. क्वचित धरला तर काही बिघडत नाही. पण काढ्यातून, चूर्णातून रोज महिनोन्महिने पोटात गेला तर त्यातील द्रव्यामुळे शरीरातले कॉर्टिसोल हे दुसरे संप्रेरक अल्डोस्टेरॉनचे सोंग घेऊन काम करू लागते. मीठ साठते, पोटॅशियम उतरते, दाब चढतो. 'झाडपाल्याचे आहे, त्याने काय होणार' असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

आता मिठाकडे वळू. आमच्या पेडणे तालुक्यात आगरवाडा नावाचे गावच आहे आणि तिथले मिठागर प्रसिद्ध आहेत, तेव्हा मिठाविरुद्ध लिहिताना हात थोडा अडखळतो. जागतिक आरोग्य संघटनेने माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि तोही दिवसभराच्या सर्व पदार्थांत मिळून. आपल्या पावसाळी जेवणाचा हिशोब मांडा. पुरुमेंत म्हणून मे महिन्यात भरून ठेवलेले खारे बांगडे, सुकी सुंगटे, मिस्कूट, पापड. सकाळी पेजेबरोबर लोणच्याची फोड आणि रात्री भाजलेल्या खाऱ्याचा तुकडा. पाच ग्रॅमचा आकडा न्याहारीलाच संपतो. खारे आणि पेज यांची गोडी मला ठाऊक नाही असे नव्हे. परंतु अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेला एक लहानसा प्रयोग विसरता येत नाही. न नमणाऱ्या रक्तदाबाच्या बारा रुग्णांना, औषधे तीच ठेवून, एक आठवडा अगदी कमी मिठाचे आणि एक आठवडा भरपूर मिठाचे अन्न दिले. दोहोंतील वरच्या आकड्याचा फरक सुमारे २३ मिलिमीटर भरला. इतका उतार कोणतीही चौथी गोळी देत नाही. रुग्ण बाराच होते आणि प्रयोगातले जेवण घरच्या पंगतीपेक्षा फारच काटेकोर होते, हे खरे. पण ज्यांचा दाब तीन गोळ्यांना जुमानत नाही त्यांचे शरीर मिठाच्या बाबतीत विशेष हळवे असते, एवढे त्यातून स्पष्ट होते. मासा सोडावयाचा नाही, ताजा खावा. खारे आठवड्याला एकदा, भिजवून पाणी टाकून. मिस्कुटाची बरणी पानापासून लांब.

मामांनी मूत्रल रोज घेतले, गुडघ्याची गोळी सोडली, खारे कमी केले. सहा आठवड्यांनी दाब १५०/८८ वर आला. म्हणजे त्यांच्या दुखण्यातील काही भाग नुसता दिसणारा होता आणि काही भाग खरा. चौथ्या औषधाचा विचार करण्याची वेळ आता आली.

पण थांबा. आमच्याकडे चौथे औषध म्हणून काहीजण डॉक्टरांना न विचारता सर्पगंधा चालू करतात. पेडणे तालुक्यातच धारगळ येथे २०२२ च्या डिसेंबरात अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाले. तेव्हापासून जुन्या मुळ्यांविषयीचा हा प्रश्न मला जास्तच विचारला जातो. सर्पगंधेची हकीकत सांगण्यासारखी आहे, आणि ती आपल्याच मुलखातली आहे. कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली या मुळीच्या रक्तदाब उतरविण्याच्या गुणाविषयी लिहिले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रुग्णांवरील आपला अनुभव १९४९ साली ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात छापला आणि साऱ्या जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ साली बाझेल येथील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसरपीन वेगळे काढले. डॉ. वकिलांना १९५७ साली अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. पुढे अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १४३ पुरुषांवर झालेल्या आणि १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षेत रेसरपीन, मूत्रल व हायड्रालाझीन अशी तीन औषधे एकत्र दिली गेली, आणि भारी रक्तदाब उतरविला तर माणसे वाचतात याचा पहिला भक्कम पुरावा मिळाला. एकाहून अधिक औषधे जोडून देण्याच्या पद्धतीच्या पायात आपली सर्पगंधा आहे, याचा मला शिकविताना अभिमान वाटतो.

तरीपण तीन आधुनिक गोळ्या चालू असताना वरून मुळीचे चूर्ण घेऊ नये. चूर्णाच्या चिमटीत द्रव्य किती हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसते. नाक चोंदते, सुस्ती येते, नाडी मंदावते, आणि मात्रा जास्त झाली तर मन खिन्न होऊन राहते. डॉक्टरांच्या नजरेखाली ठरलेल्या मात्रेत रेसरपीन देणे ही वेगळी गोष्ट आहे.

मग चौथी कोणती? या प्रश्नाला बराच काळ 'ज्याच्या-त्याच्या मताप्रमाणे' असेच उत्तर होते. कोणी बीटारोधक देई, कोणी अल्फारोधक. ब्रिटनमध्ये पाथवे-२ नावाची एक परीक्षा झाली आणि तिचे निष्कर्ष २०१५ साली लॅन्सेटमध्ये आले, तेव्हा प्रथम नीट तुलना मिळाली. तिची मांडणी मला फार आवडते, म्हणून थोडी सविस्तर सांगतो. आधीच तीन औषधांवर असलेले ३३५ रुग्ण घेतले. रुग्णांचे गट पाडून एका गटाला एकच औषध देण्याऐवजी, प्रत्येकाला चारही गोष्टी बारा-बारा आठवडे आळीपाळीने देण्याचे ठरविले: स्पायरोनोलॅक्टोन, बायसोप्रोलॉल, डॉक्साझोसिन आणि औषध नसलेली फसवी गोळी. क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा, आणि कोणती पाळी चालू आहे हे रुग्णालाही माहीत नाही व डॉक्टरलाही नाही. म्हणजे प्रत्येक रुग्ण स्वतःशीच ताडून पाहिला गेला. दाब घरी मोजलेला. फसव्या गोळीच्या तुलनेत स्पायरोनोलॅक्टोनने वरचा आकडा सरासरी ८.७ मिलिमीटरने अधिक उतरविला. उरलेली दोन्ही औषधे त्याच्या सुमारे चार मिलिमीटर मागे राहिली. ज्यांच्या रक्तात रेनिन कमी, म्हणजे ज्यांच्या शरीरात मीठपाणी साचलेले, त्यांना स्पायरोनोलॅक्टोन सर्वांत अधिक लागू पडले. मानशीवरच्या राखणदाराची गोष्ट अशी आकड्यांत उतरली.

आठ-नऊ मिलिमीटर ऐकावयास थोडे वाटतात. पण पक्षाघाताचा धोका रक्तदाबाबरोबर चढत जातो, त्यामुळे तेवढा उतारही वर्षानुवर्षे टिकला तर मोलाचा आहे. या परीक्षेत मात्र दाब मोजला, पक्षाघात मोजले नाहीत. ती मर्यादा तिला आहेच.

स्पायरोनोलॅक्टोन हे नवे औषध नाही. अल्डोस्टेरॉन १९५३ साली शुद्ध रूपात हाती आले, १९५५ साली अमेरिकेतील डॉ. जेरोम कॉन यांनी त्याच्या अतिरेकाने होणारा रक्तदाब वर्णिला, आणि त्याच दशकाच्या अखेरीस हे विरोधक औषध बाजारात आले. गोळी जुनी, स्वस्त, दिवसातून एकदा. बहुधा २५ मिलिग्रॅमने सुरुवात, क्वचित त्याच्याही निम्म्याने. इतके सगळे चांगले असताना ती सर्रास का देत नाहीत? कारण पोटॅशियम.

राखणदार मीठ राखून पोटॅशियम बाहेर टाकतो हे वर सांगितले. त्याचे हात बांधले की मीठ जाते आणि पोटॅशियम राहते. टेल्मिसार्टनही पोटॅशियम थोडे वाढविते. दोन्ही एकत्र आली आणि मूत्रपिंडे दुबळी असली, तर रक्तातील पोटॅशियम साडेपाच-सहाच्या वर चढून हृदयाची लय बिघडू शकते, आणि आधी काही लक्षण दिसेलच असे नाही. पाथवे-२ मध्ये स्पायरोनोलॅक्टोन घेतलेल्या २८५ पैकी सहाजणांचे पोटॅशियम एकदा सहाच्या वर गेले, आणि तेथे मूत्रपिंडे बरी असलेलेच रुग्ण निवडले होते व तपासण्या वेळेवर होत होत्या. गोव्याच्या बाबतीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्व राज्यांत गोव्यात सर्वाधिक, २६.४ टक्के आढळले. मधुमेह जुना झाला की मूत्रपिंडे दुखावतात. म्हणून पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या रुग्णाला ही गोळी देताना आधी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासावे, सुरू केल्यावर साधारण आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा तपासावे, नंतर काही महिन्यांच्या अंतराने. म्हापशाचे जिल्हा रुग्णालय किंवा बांबोळीचे गोमेकॉ गाठण्यात एक दिवस मोडतो हे मी जाणतो. पण ज्याला तपासणीस जाणे शक्यच नाही त्याला ही गोळी सुरू न केलेली बरी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी दोन सापळे आपल्या बाजूचेच आहेत. एक आडसर, म्हणजे शहाळे. त्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर. निरोग्याला अमृत, पण स्पायरोनोलॅक्टोनवर असलेल्या, मूत्रपिंडे मंद झालेल्या माणसाने रोज दोन-दोन आडसरे पिऊ नयेत. दुसरे दुकानात मिळणारे 'कमी सोडियमचे' मीठ. त्यात सोडियमच्या जागी काही अंशी पोटॅशियम असते. चीनमधील सहाशे खेड्यांत अशा मिठाने पक्षाघात कमी झाल्याचे २०२१ साली दिसले, तेव्हा वस्तू वाईट नव्हे. पण या चौथ्या गोळीबरोबर ते नको.

पुरुषांना आणखी एक त्रास होतो. छाती हुळहुळी होते, कधी सुजते. लाजेने माणूस बोलत नाही आणि गोळी गुपचूप बंद करतो. साखळीकडच्या माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी असेच केले. दाब पुन्हा १७० वर गेला तेव्हा मुलाने विचारून काढले. अशा वेळी इप्लेरेनोन हे त्याच कुळातले औषध देता येते, किंवा अमिलोराइड, जे राखणदाराला न छेडता मानशीची बिजागरीच धरते. दक्षिण कोरियातील २०२५ च्या एका परीक्षेत अमिलोराइड स्पायरोनोलॅक्टोनच्या तोडीस उतरले. पोटॅशियमचा पहारा मात्र त्याही औषधांना हवाच. गर्भार असलेल्या किंवा होऊ इच्छिणाऱ्या स्त्रियांना स्पायरोनोलॅक्टोन आणि टेल्मिसार्टन दोन्ही वर्ज्य आहेत.

मूत्रपिंडे फार थकलेली असतील तर वाट बदलते. पूर्वी असा समज होता की अशा रुग्णांत थायझाइड जातीची मूत्रले कामाची नाहीत. २०२१ साली अमेरिकेतील क्लिक नावाच्या परीक्षेत, मूत्रपिंडविकार चौथ्या टप्प्यात पोहोचलेल्या १६० रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना क्लोरथॅलिडोन दिले. बारा आठवड्यांत चोवीस तासांचा सरासरी वरचा आकडा ११ मिलिमीटर उतरला. तपासण्या तेथेही कराव्या लागल्या, कारण त्या औषधाने पोटॅशियम घटते आणि क्रिएटिनिन वाढू शकते. यातूनच एक व्यावहारिक सूचना निघते: चौथी गोळी जोडण्याआधी तिसरी, म्हणजे मूत्रल, योग्य आहे का ते डॉक्टरांनी पाहावे. फ्युरोसेमाइडचा अंमल काही तासांत सरतो; सुजेसाठी ते उत्तम, दिवसभराच्या रक्तदाबासाठी तेवढे नव्हे.

इतर औषधांनाही आपापली जागा आहे. छातीत कळ येण्याचा किंवा हृदय अनियमित धडधडण्याचा विकार असेल तर बायसोप्रोलॉल आधी येईल. दमा असेल तर बेतानेच. वाढलेल्या प्रोस्टेटमुळे रात्री चारदा उठणाऱ्याला डॉक्साझोसिन दुहेरी उपयोगी, पण पहिल्या मात्रेनंतर एकदम उभे राहू नये. आणि हृदय दुबळे असेल तर ते टाळावे, कारण २००० साली एका मोठ्या परीक्षेतील त्याचा गट हृदय निकामी होण्याचे प्रमाण वाढल्यामुळे मध्येच थांबवावा लागला होता. क्लोनिडीन ब्राझीलमधील २०१८ च्या तुलनेत स्पायरोनोलॅक्टोनच्या जवळपास आले. पण ते दिवसातून अनेकदा घ्यावे लागते आणि एकदम चुकले तर दाब उसळी मारतो. म्हापशाला जाताना गोळी घरी ठेवणाऱ्या आमच्या मामांसारख्यांना ते देण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

मामांच्या डॉक्टरांनी त्यांना स्पायरोनोलॅक्टोन २५ दिले. आधीचे पोटॅशियम ४.२ होते, महिन्याने ४.९ झाले, दाब १३२/८०. ४.९ म्हणजे काठावरच, म्हणून मात्रा वाढविली नाही आणि आडसर बंद केले. त्यावर मामा अजून कुरकुरतात.

काही रुग्णांत मात्र चौथ्या गोळीच्याही आधी मूळ शोधावे लागते. न नमणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात अधिवृक्क ग्रंथी स्वतःच बेसुमार अल्डोस्टेरॉन काढीत असतात. त्यासाठी अल्डोस्टेरॉन व रेनिन यांची रक्ततपासणी आहे. एकाच बाजूच्या ग्रंथीत गाठ निघाली तर शस्त्रक्रियेने कित्येकांच्या बहुतेक गोळ्या सुटतात. ही तपासणी स्पायरोनोलॅक्टोन सुरू करण्याआधी केलेली सोयीची, नंतर तिचा अर्थ लावणे कठीण जाते. रात्री मोठ्याने घोरणारा, मध्येच श्वास अडकणारा आणि दिवसा बसल्या जागी पेंगणारा माणूस असेल तर त्याच्या झोपेची तपासणी करावी. वयाच्या तिशीतच भारी रक्तदाब असेल तर मूत्रपिंडाच्या रोहिणी पाहाव्या लागतात. ही कामे गावच्या दवाखान्याची नव्हेत, बांबोळीलाच जावे.

नव्या गोष्टी येत आहेत. मूत्रपिंडाच्या रोहिणीभोवतालच्या मज्जा आतून तापवून निकामी करण्याच्या उपायाने २०१४ च्या खोट्या शस्त्रक्रियेशी केलेल्या तुलनेत निराशा केली, पुढे सुधारलेल्या उपकरणांना २०२३ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. अप्रोसिटेंटान नावाच्या गोळीला तेथेच २०२४ साली परवानगी मिळाली. अल्डोस्टेरॉन तयारच होऊ न देणाऱ्या बॅक्सड्रोस्टॅटचे २०२५ साली आलेले निष्कर्ष, फसव्या गोळीहून नऊ-दहा मिलिमीटर अधिक उतार, हे आशादायक आहेत. पण आकडा पाहा: साठ वर्षांहून जुन्या स्वस्त गोळीने पाथवे-२ मध्ये दिलेल्या उताराच्या तो आसपासच आहे.

तेव्हा दिवाळीच्या सुटीत घरी जाल आणि वडील तीन गोळ्यांची तक्रार करतील, तर नव्या औषधाचे नाव सांगू नका, आणि माझी तर चिठ्ठी मुळीच मागू नका. एक वही घाला. तीत सात दिवसांचे सकाळ-संध्याकाळचे आकडे लिहा. घरात सापडतील त्या सर्व गोळ्या, चूर्णे, काढे, गुडघ्याची औषधे एका पिशवीत भरा. पोटॅशियम व क्रिएटिनिन शेवटी केव्हा तपासले त्याचा कागद शोधा. नसेल तर तसे लिहा. कोणती गोळी कोणत्या दिवशी चुकते हे, रागावल्याविना, विचारून घ्या. ही वही आणि पिशवी घेऊन त्यांच्याबरोबर स्वतः डॉक्टरांकडे जा.

जाताना पाण्याची गोळी दुपारसाठी खिशात ठेवा.